दादांचे पंचवीस आठवडे शिवसेनेनं भरले नाहीत

माझ्या पुतणीला कॉलेजात मराठी सिनेमावर सादरीकरण करायचंय. तिनं दादा कोंडके घेतले, याचा मला आनंद झाला. पण माहिती म्हणून तिनं जो मेसेज धरला होता, तो वाचून डोकं तापलं. ग्रुपाग्रुपांवर फिरणारा तोच मेसेज. दादा अपघातानं सिनेमात आले, अभिनयाचा गंध नव्हता. १९७१ सालचा 'सोंगाड्या' हा चित्रपट त्यांनीच लिहिला, त्यांनीच दिग्दर्शित केला. शिवसेनेच्या धाकानं थिएटरं भरली. बाकी सगळं यश चावट नावांचं, आणि त्यांच्यामुळे मराठी सिनेमा बुडाला. खाली 'प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा' असंही लिहिलंय.

'सोंगाड्या'चं आधी मिटवू. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादा निर्माते आणि नायक. दिग्दर्शनाला त्यांनी हात घातला तो १९७५ साली, 'पांडू हवालदार'मध्ये. श्रेयनामावली वाचायचेही कष्ट मेसेज लिहिणाऱ्यानं घेतलेले नाहीत.

आता अपघात. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेलं दादांचं आत्मचरित्र 'एकटा जीव' कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतं. ते वाचणारा माणूस 'अपघात' हा शब्द वापरूच शकत नाही. नायगावच्या चाळीतलं गिरणी कामगाराचं पोर. बँडमध्ये वाजवलं, सेवा दलाच्या कलापथकात काम केलं, मग स्वतःची नाटकमंडळी काढली. १९६५ मध्ये सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे तमाशाच्या ढंगाचं वगनाट्य रंगमंचावर आणलं आणि त्याचे शेकड्यांनी प्रयोग केले. वगनाट्यात समोरचा प्रेक्षक क्षणात हिशेब चुकता करतो. विनोद पडला की तो तिथेच पडतो. ताज्या बातमीवर ऐनवेळी वाक्य टाकायचं, हशा कुठे संपतो ते ओळखून पुढचं वाक्य उचलायचं, हे दादा रात्रीमागून रात्री करत होते. तिथून ज्येष्ठ दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं. १९६९ सालच्या त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. 'सोंगाड्या' आला तेव्हा दादा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. अभिनयाचा गंध नसलेल्या माणसाला भालजी उभं करत नसत.

सगळ्यात संतापजनक मुद्दा शिवसेनेचा. यात एक अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकतो. दादरच्या कोहिनूर थिएटरनं देव आनंदच्या चित्रपटासाठी 'सोंगाड्या'ला जागा नाकारली, दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर धडकले आणि चित्रपट लागला. हे घडलं. पुढे दादा सेनेच्या सभांतूनही बोलले. पण त्या दिवशी त्यांना एक पडदा मिळाला, एवढंच. पडद्यासमोरच्या खुर्च्या आंदोलनानं भरत नाहीत, आणि भरल्या तरी पंचवीस आठवडे, म्हणजे रौप्यमहोत्सवापर्यंत, भरत नाहीत. १९७१ मध्ये विधानसभेत सेनेचा एकच आमदार होता, परळचे वामनराव महाडिक. सेनेचा जोर मुंबई-ठाण्यापलीकडे नव्हता. मग सांगली-सोलापूर, जळगावात लोकांना कोणी धाक दाखवला? जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून सिनेमा पाहणाऱ्या माणसाला कोणी ओढून आणलं होतं? आणि पुढच्याच वर्षी 'एकटा जीव सदाशिव', १९७३ ला 'आंधळा मारतो डोळा', मग 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', असे एकामागून एक रौप्यमहोत्सव झाले, ते कुठल्या मोर्चानं केले?

या मुद्द्यानं दादांपेक्षा त्यांच्या प्रेक्षकाचा अपमान होतो. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार, आठवडे बाजार उरकून आलेला शेतकरी. पगारातले, बाजारातले मोजके पैसे त्यानं स्वतःच्या मर्जीनं तिकिटावर घातले. पडद्यावर आपल्यासारखा बोलणारा, ढगळ चड्डीची नाडी लोंबवत फिरणारा बावळट दिसला आणि शेवटी तोच जिंकला, म्हणून तो पुन्हा आला. त्याला स्वतःची आवड नव्हती असं लिहिणाऱ्यानं तो माणूस कधी जवळून पाहिलेलाच नाही.

चावटपणाचं म्हणाल, तर नंतरच्या काही चित्रपटांत तो कथेपेक्षा मोठा झाला, हे नाइलाजानं मान्य. 'मुका घ्या मुका' किंवा हिंदीतल्या 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में'चा बचाव मी करणार नाही. बायकांकडे पाहण्याची त्यातली नजर आज खटकते, आणि खटकायलाच हवी. पण वर दिलेली सत्तरच्या दशकातली नावं पुन्हा वाचा आणि त्यात चावट कोणतं ते दाखवा. द्व्यर्थी बोलणं दादांनी शोधलेलंही नाही; तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, त्यावरच चालत आलीय.

मराठी सिनेमा बुडवला म्हणे! 'पांडू हवालदार'मध्ये स्वतः नायक आणि दिग्दर्शक असताना दादांनी अशोक सराफांच्या सखाराम हवालदाराला मोकळं रान दिलं. तिथून सराफ घराघरांत पोचले. राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडीही त्याच चित्रपटातून पुढे आली, आणि त्यातल्या लक्ष्मणनं १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया'ला संगीत दिलं. दादा १४ मार्च १९९८ ला गेले. त्यानंतर दोन वर्षांनी 'एकटा जीव सदाशिव'वरून गोविंदाला घेऊन हिंदी चित्रपट निघाला, दिग्दर्शक महेश मांजरेकर.