शेजाऱ्याने पाळायची धर्मनिरपेक्षता

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. धर्मनिरपेक्षता फार चांगली असते आणि ती शेजाऱ्याने पाळायची असते. एवढं जमलं की राज्यघटना उघडायला हरकत नाही. अख्खी वाचत बसू नका, कलम २५ पुरे. त्यातही सुरुवातीला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य अशा अटी आहेत, पुढे सगळ्यांना सारखाच हक्क असल्याचंही लिहिलंय. तेवढं गाळा, थेट 'धर्माचं मुक्त आचरण' इथे या आणि डीजेवाल्याला फोन लावा. रात्री दहाचा नियम त्यांच्या गोंगाटासाठी आहे. आपला असतो तो उत्साह.

फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आधी नोकरी विचारा, मग पगार, मग सहज आठवल्यासारखं आडनाव. ते ऐकून घसा खाकरा. "आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीचं जरा..." सेक्रेटरी तुम्ही स्वतः असलात तरी हे वाक्य चालतं. कलम १५ ला घाबरू नका. ते धर्मावरून भेदभाव करू नको असं मुख्यतः सरकारला बजावतं, आणि तुम्ही थोडेच सरकार आहात! (मतदानाच्या दिवशी असतो आपण, पण ते तेवढ्यापुरतं.)

वादात अडकलात तर म्हणा, "'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने घुसडला." आणि लगेच चहा मागवा. कलम २५ ते २८ पहिल्यापासून आहेत, किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालात धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरली, हे समोरच्याला आठवायच्या आत.

संविधान सभेचे जुने खंड मात्र घरात नकोत. १७ ऑक्टोबर १९४९ चं कामकाज तर मुळीच नको. ह. वि. कामतांनी उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू करावी अशी दुरुस्ती मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीच्या नावाने का नको? हृदयनाथ कुंझरूंना ती दुरुस्ती उद्देशिकेतल्याच श्रद्धास्वातंत्र्याशी विसंगत वाटली. मतं मोजली: बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या सभागृहात देव मानणाऱ्यांची काही टंचाई नव्हती. तरीही देव हरला आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरची पूजा चुकली नाही. असलं वाचून डोकं फिरतं.

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, सोसायटीच्या आवारात उद्देशिकेचं सामूहिक वाचन जरूर ठेवा. माईक चांगला सांगा. फोटोत वेगळ्या धर्माचं कुणीतरी पुढच्या रांगेत हवं. इमारतीत कुणी नसेलच, तेव्हा वॉचमनला विचारून ठेवा.