पस्तीस, तेही ग्रेस धरून

परवा एका अनोळखी गृहस्थांनी मला शंभरपैकी पस्तीस गुण दिले आणि त्यांतलेही पाच ग्रेसचे होते. मी कुठल्याही परीक्षेला बसलेलो नव्हतो. उजव्या कानातला मळ काढून घेण्यासाठी दवाखान्यात बसलो होतो. हातात १४ क्रमांकाचे टोकन होते, आत नववा रुग्ण गेलेला होता आणि शेजारी दहावीतली भाची होती, जिने दोन महिन्यांपूर्वी 'क्लासरूम ऑफ द एलिट' ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका पाहायला लावून माझ्या झोपेचे वाटोळे केले होते.

ही मालिका किनुगासा शोगो यांच्या कादंबऱ्यांवरून केलेली आहे. २०१७, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षांत मिळून तिचे अडतीस भाग आले, आणि त्यांतल्या प्रत्येक भागाच्या शीर्षकाला कुठल्या ना कुठल्या विचारवंताचे वचन लावलेले आहे, त्यामुळे कॉलेजात ज्या नीत्शेला मी यशस्वीपणे टाळले होते तो उतारवयात रात्री साडेअकरा वाजता मला गाठू लागला. गोष्ट तोक्योतल्या एका सरकारी निवासी शाळेची आहे. तीन वर्षे बाहेरच्या जगाशी संपर्क बंद असतो. शाळेत पाऊल टाकताच प्रत्येकाच्या खात्यात एक लाख पॉइंट जमा होतात आणि एक पॉइंट म्हणजे एक येन. ही रक्कम दरमहा येणार अशा समजुतीत 'डी' वर्गातली मुले महिनाभर तासाला गप्पा मारतात, मोबाइल पाहतात, डुलक्या घेतात, आणि १ मे रोजी खाते उघडून पाहतात तर नवा जमा एकही पॉइंट नाही. पुढे कळते की शाळेने जाहिरातीत सांगितलेले सगळे फायदे फक्त 'ए' वर्गातून बाहेर पडणाऱ्यांना मिळणार आहेत. तिथून कारस्थानांना जो आरंभ होतो तो अडतीस भाग संपले तरी थांबत नाही.

या कारस्थानी पोरांत सर्वांत हुशार कोण, हा आमचा वाद होता. भाचीच्या मते तो मान नायकाचा, म्हणजे 'डी' वर्गातल्या आयानोकोजीचा. या मुलाने प्रवेशपरीक्षेत प्रत्येक विषयात बरोबर पन्नास गुण घेतले आहेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत, कारण त्याला कुणाच्या नजरेत भरायचे नाही. माझे मत रियुएन या गुंडाच्या बाजूने होते. आयानोकोजी 'व्हाइट रूम' नावाच्या संस्थेत लहानपणापासून घडवून काढलेला आहे, तेव्हा त्याच्या बुद्धीचे कौतुक करणे म्हणजे कारखान्यातून निघालेल्या सुरीला धार आहे म्हणून तिची पाठ थोपटणे होय. रियुएनजवळ काय होते? दांडगाई, निर्लज्जपणा आणि हरल्यावर पुन्हा विचार करण्याची तयारी. निर्जन बेटावरच्या परीक्षेत प्रत्येक वर्गाला तीनशे पॉइंट मिळतात आणि ते जपून वापरायचे असतात. हा पठ्ठ्या ते सगळे मौजमजेत उडवतो, वर्गाला जहाजावर परत धाडतो, एक मुलगी हेर म्हणून 'डी' वर्गात पेरतो आणि स्वतः वॉकीटॉकी घेऊन जंगलात दडून राहतो. याला म्हणतात स्वकष्टार्जित कावेबाजपणा.

"मग त्या परीक्षेत त्याला मिळाले किती?"

हा प्रश्न तीन खुर्च्या पलीकडून आला. विचारणारे सत्तरीचे गृहस्थ होते. मांडीवर श्रवणचाचणीच्या अहवालाचे पाकीट, खिशाला लाल पेन आणि कपाळावर आठ्या. त्यांना कमी ऐकू येते ही त्यांची तक्रार होती, असे नंतर कळले. आमचे बोलणे मात्र त्यांनी पहिल्या वाक्यापासून ऐकलेले होते.

"शून्य," भाची म्हणाली. तिने एवढे प्रामाणिक असण्याची गरज नव्हती.

"आणि दुसऱ्या मुलाच्या वर्गाला?"

"दोनशे पंचवीस. पहिला नंबर."

गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझे सहामाहीचे प्रगतिपुस्तक आठवले. मग त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. ते गणिताचे शिक्षक होते आणि पुढे अनेक वर्षे दहावीच्या उत्तरपत्रिकांचे नियामक होते. नियामक म्हणजे परीक्षकाने तपासलेले पुन्हा तपासणारा, म्हणजेच दुसऱ्याच्या मतावर मत देण्याचा ज्याला भत्ता मिळतो असा इसम, हे त्यांनी सांगितले नाही. ते मला पुढच्या चाळीस मिनिटांत उमगले. पाकीट उलटे करून, समास आखून ते म्हणाले, "बाळ, एकेक मूल सांग. आपण तपासून टाकू."

भाचीने आयानोकोजीपासून सुरुवात केली. सगळ्या विषयांत पन्नास म्हणताच त्यांनी पेन उचलून धरले. "सगळ्या विषयांत सारखे गुण? माझ्या हाताखाली असा पेपर आला असता तर मी आधी केंद्रावर पथक पाठवले असते." तो पहिल्या चाचणीच्या वेळी वरच्या वर्गातल्या मुलाकडून पॉइंट मोजून जुन्या प्रश्नपत्रिका विकत घेतो आणि वर्गाला वाचवतो, हे तिने मोठ्या अभिमानाने सांगितले.

"यात हुशारी कसली? जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे वह्यांच्या दुकानात मिळतात."

"पण तिथे दरवर्षी तोच पेपर येतो!"

"तोच पेपर?" त्यांचा आवाज इतका चढला की कंपाउंडरने डोकावून पाहिले. "मग मुलांना कशाला तपासता? पेपर काढणाऱ्याला घरी बसवा!"

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना थोर मानले असते. पण भाचीने त्यांना त्याच वर्गातल्या सुदोची हकिकत सांगितली. इंग्रजीत त्याला एकोणचाळीस मिळतात, उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात, आणि नापास होणाऱ्याला शाळेतून काढून टाकतात. तेव्हा आयानोकोजी आणि त्याची वर्गमैत्रीण होरिकिता मिळून वर्गशिक्षिकेकडून एक गुण एक लाख पॉइंटांना विकत घेतात. गृहस्थांनी चष्मा काढला आणि काच पुसली.

"एक गुण एक लाखाला," ते म्हणाले. "आणि आम्ही आयुष्यभर ग्रेस फुकट वाटत बसलो."

पुढे गुणदान झपाट्याने झाले. मनमिळाऊ इचिनोसेला त्यांनी वर्तणुकीचे पैकीच्या पैकी गुण दिले आणि बुद्धीचा रकाना कोरा ठेवला. मोठा भाऊ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष असल्याने त्याची शाबासकी मिळवण्यासाठी जीव टाकणाऱ्या होरिकितापुढे त्यांनी गुणांऐवजी 'घरचा ताण' असा शेरा मारला. हातात काठी घेऊन चालणारी 'ए' वर्गातली साकायानागी ही माझीही आवडती. प्रतिभा जन्मजातच असते, घडवून येत नाही, हे सिद्ध करण्यासाठी ती आयानोकोजीशी बुद्धिबळ खेळते, आणि शाळेचा प्रभारी अध्यक्ष मध्ये लबाडी करतो म्हणूनच तो डाव तिच्या पदरात पडतो. तिचे वडील कोण, असे त्यांनी विचारले. शाळेचे अध्यक्ष, असे उत्तर आले. "मग जन्मजातच," असे पुटपुटत त्यांनी तिला पंचावन्न दिले.

इथे मला राहवेना. मी त्यांना समजावून सांगितले की या मालिकेतली खरी फसवणूक मुलांमध्ये चालत नाही, ती आपल्याशी चालते. आयानोकोजीचा डाव आपल्याला नेहमी तो जिंकल्यानंतर सांगितला जातो. होरिकिताला ताप भरतो, त्या सबबीवर तो तिला बेटावरून परत पाठवून पुढारीपणाचे कार्ड आपल्या नावावर करतो आणि प्रतिस्पर्ध्यांनी पुढारी म्हणून ओळखलेले नाव चुकीचे ठरते; पण या विचाराची एकही पायरी तेव्हा आपल्यासमोर मांडलेली नसते. उत्तर आधी ठरवायचे आणि रीत मागाहून लिहायची, ही बुद्धी लेखकाची आहे, पोराची नव्हे. उलट रियुएन चुकतो तोही आपल्या डोळ्यांदेखत.

गृहस्थ काही क्षण स्तब्ध राहिले. मग भाचीकडे वळून, जणू हे त्यांना आत्ताच सुचले आहे अशा थाटात म्हणाले, "बाळ, या मुलाने पायऱ्या लिहिलेल्याच नाहीत. नुसते उत्तर बरोबर. अर्धे गुण. पन्नास." आणि लाल पेनाने पन्नासभोवती गोल काढला.

"वा! काय पॉइंट काढलात, सर!" भाची म्हणाली.

तो पॉइंट माझा होता. दोन महिने तो मी तिला जेवताना, गाडीत आणि फोनवर सांगत आलो होतो, आणि दर वेळी मला 'मामा, तुला ॲनिमे कळतच नाही' एवढेच उत्तर मिळाले होते. हे मी हसण्यावारी नेतो आहे खरा, पण अजूनही ते आठवले की माझा घास अडकतो.

त्यानंतर त्यांनी रियुएनला अठ्ठावीस देऊन नापास केले आणि सर्वाधिक, म्हणजे ब्याऐंशी गुण कोएनजीला बहाल केले. हा कोएनजी म्हणजे गर्भश्रीमंत, आरशाच्या प्रेमात पडलेला प्राणी. बेटावरच्या परीक्षेत पहिल्याच दिवशी तब्येतीचे निमित्त सांगून तो जहाजावर निघून जातो आणि वर्गाचे तीस पॉइंट बुडवतो. "प्रत्येक शिक्षकखोलीत असा एक असतो," ते म्हणाले. "त्याला जनगणना लागत नाही, निवडणूक लागत नाही, पेपर तपासायला लागत नाहीत. तो वेळेवर निवृत्त होतो आणि त्याची तब्येत ठणठणीत असते."

रियुएनचा अपमान मला सहन झाला नाही. मी त्यांना गच्चीवरचा प्रसंग ऐकवू लागलो: पराभव झाल्यावर हा गुंड सगळा दोष स्वतःवर घेऊन शाळा सोडायला निघतो, पुढाऱ्याने हरल्यावर काय करावे हे त्याला कळते, आणि अशी समज ज्यांना नाही त्यांना... मी बराच वेळ बोललो. वाक्य संपवून पाहतो तर समोरची खुर्ची रिकामी होती.

१४ नंबर दोनदा पुकारला गेला होता. माझा उजवा कान बंद होता आणि डावा माझ्याच भाषणात गुंतला होता. गृहस्थांचे टोकन १९ होते. "हे साहेब चर्चेत आहेत, तोवर मी जाऊन येतो," असे कंपाउंडरला सांगून ते आत गेले होते. मधल्या चौघांनीही हूं की चूं केले नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी भाचीला विचारले.

"मला वाटलं तू मुद्दाम थांबलायस. तुझा काहीतरी डाव असेल."

कंपाउंडरने मला नियम सांगितला: चुकलेला नंबर शेवटी. शेवटचा नंबर ३१ होता.

वीस मिनिटांनी गृहस्थ बाहेर आले, पाकिटावर तळाशी 'मामा' असे लिहून त्यापुढे ३० + ५ असा आकडा घातला आणि ते पाकीट, आतला अहवाल काढून घेऊन, भाचीला भेट दिले. तिने ते आता आमच्या फ्रिजवर चिकटवले आहे. पुनर्मूल्यांकनाची काही सोय आहे का, असे मी त्यांना जिन्यापर्यंत जाऊन विचारले. त्यांनी कानामागे हात नेला, मान हलवली आणि ऐकू येत नाही अशी खूण करून ते उतरून गेले.