कुलूप बघून माणूस ओळखता येत नाही

‘संकेतस्थळ खरं की खोटं, पाच सेकंदांत ओळखा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच खुणा दिल्या आहेत: पत्त्याशेजारी कुलूप, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’, निर्दोष शुद्धलेखन, गूगलवर वरचा क्रमांक, आणि तीच माहिती आणखी दोन-तीन ठिकाणी सापडणं. शेवटी ‘सर्वांना पाठवा’ आहेच, त्याशिवाय असा मेसेज पूर्ण होत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण या खुणांवर विसंबून राहिलात तर फसाल.

‘कुलूप दिसलं की संकेतस्थळ सुरक्षित.’ कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचा ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यात जे जातं-येतं ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. तिथे लिहिलेलं खरं आहे का, हे कुणीही तपासलेलं नसतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारखी संस्था 2015पासून फुकट देते, ते भामट्यालाही मिळतं. लोक या चिन्हाचा अर्थ ‘विश्वासार्ह’ असा घेतात, हे कारण देऊन गूगलने 2023मध्ये क्रोममधून ते काढूनच टाकलं. म्हणजे मेसेज जी खूण शोधायला सांगतो, ती अनेकांना आता दिसणारसुद्धा नाही. कुलूप नसेल तिथे पासवर्ड टाकू नये, एवढं मात्र बरोबर.

‘डॉट ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्था.’ वर्षाचं शुल्क भरा, डॉट ऑर्ग कुणालाही मिळतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं डॉट ऑर्ग संकेतस्थळ कित्येक वर्षं ‘स्टॉर्मफ्रंट’ या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या हातात होतं. वरवर ते शाळेच्या प्रकल्पासाठी केल्यासारखं दिसायचं, आत किंग यांची बदनामी. ‘डॉट गव्ह’ची गोष्ट वेगळी, ते अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनाच मिळतं. पण त्यावरूनही बोलणारा कोण हे कळतं, तो बरोबर बोलतोय का हे नाही.

शुद्धलेखनाबद्दल काय बोलायचं! नीटनेटका मजकूर आता एआय क्षणात लिहून देतं. उलट, आपल्या विषयातले जाणकार, पण ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचं वैर असलेले लोक मला माहीत आहेत.

‘गूगलवर पहिलं आलं म्हणजे भरवशाचं.’ सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते. तिच्याखालचा क्रम लावताना तुम्ही टाकलेल्या शब्दांशी काय जुळतं आणि त्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, अशा गोष्टी मोजल्या जातात. ‘अमुक लस धोकादायक का आहे’ असं विचारलंत, तर ती धोकादायक आहे असं गृहीत धरलेली पानं पुढे येण्याची शक्यता वाढते. उत्तराला वळण आपल्या प्रश्नानेच दिलेलं असतं.

पाचवी खूण सगळ्यात फसवी, कारण ती सगळ्यात शहाणी वाटते: ‘तीन ठिकाणी सापडलं तर खरं माना.’ मार्च 2009मध्ये संगीतकार मोरिस जार वारले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने काही तासांत त्यांच्या विकिपीडिया पानावर स्वतः रचलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. स्रोत नाही म्हणून तिथल्या संपादकांनी ते काढलंही. पण तेवढ्या अवधीत ते उचललं गेलं होतं, आणि ‘गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत छापून आलं. महिनाभराने त्या विद्यार्थ्यानेच कळवलं, तेव्हा ‘गार्डियन’ने दुरुस्ती केली. मधल्या काळात कुणी पडताळायला गेलं असतं, तर तीन काय, दहा ठिकाणी ते वाक्य सापडलं असतं, तेही नामवंत ठिकाणी. साक्षीदार दहा असले तरी सगळ्यांनी एकाच तोंडून ऐकलं होतं. म्हणून किती ठिकाणी आहे हे मोजण्यापेक्षा पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि त्याला ते कसं कळलं, हे शोधावं लागतं.

पहिल्या तीन खुणा तर संकेतस्थळाच्या मालकानेच आपल्याला दाखवलेल्या आहेत. उमेदवारानेच लिहिलेलं शिफारसपत्र म्हणा ना. 2017च्या सुमारास स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांना अशीच पानं दिली. त्यांत दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनांची पानं होती: एक 1930ची, हजारो सदस्यांची, दुसरी तिच्यातून 2002मध्ये फुटून निघालेली, लहानशी, ठाम राजकीय भूमिका असलेली. नावं सारखीच भारदस्त, पत्ते दोन्हींचे डॉट ऑर्ग. बरेच विद्यार्थी पानावरच घुटमळले, मांडणी आणि बोधचिन्ह बघत राहिले, आणि दुसऱ्या संघटनेला भुलले. तथ्यतपासनीसांनी पान नीट वाचायच्या आधीच नवा टॅब उघडला आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. फाटाफुटीची हकीकत त्यांना तिथेच सापडली. अर्थात, पाच सेकंदांत नाही.