दोन्ही पाय जमिनीवर असलेला त्रिविक्रम

नमस्कार. लेखातल्या सरळ उभ्या विष्णुमूर्तीला मी त्रिविक्रम म्हटलं, त्यावर तुमचा आक्षेप आहे की त्रिविक्रम म्हणजे बळीला पाताळात धाडणारा, एक पाय आभाळाकडे उचललेला. या मूर्तीला ते नाव देणं ही दिशाभूल आहे.

तुम्ही म्हणता तो त्रिविक्रम आहेच. बदामीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्यात तो भव्य रूपात कोरलेला आहे. पण ते अवताराचं शिल्प झालं. लेखातली मूर्ती आहे ती चोवीस मूर्तींपैकी. संध्येत 'केशवाय नमः, नारायणाय नमः' अशी जी चोवीस नावं घेतात, त्यांतलं सातवं नाव त्रिविक्रम. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत बरोबर चोवीस प्रकारे देता येतात आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव आहे. इथे ओळख पायांवरून पटत नाही, हातांवरून पटते. यातला वामनसुद्धा छत्री घेतलेला बटू नसतो.

हात वाचायचे ते मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून: मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. अग्निपुराणाप्रमाणे या क्रमाने पद्म, गदा, चक्र, शंख आले की त्रिविक्रम. लेखातल्या मूर्तीचा क्रम हाच आहे. गदा आणि शंख यांची अदलाबदल केली, म्हणजे पद्म, शंख, चक्र, गदा, की तोच केशव होतो. काही नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरक आहेत, त्यामुळे कोणती यादी धरली ते सांगायलाच हवं.

खालचा उजवा हात नीट पाहा. तो पुष्कळदा वरदमुद्रेत उघडा असतो आणि पद्म तळव्यावर फक्त कोरलेलं असतं. तेल-शेंदराच्या थराखाली ते बुजलं की हात रिकामा वाटतो. कधी गदेच्या किंवा चक्राच्या जागी छोटी मानवी आकृती उभी असते आणि देवाचा हात तिच्या डोक्यावर असतो. ते आयुधच समजायचं.

फोटोवरून ओळखताना आधी जानवं बघा. ते डाव्या खांद्यावरून यायला हवं. उजव्या खांद्यावर दिसलं तर फोटो उलटा छापला गेला असण्याचा दाट संभव, आणि उलट्या फोटोत हाच त्रिविक्रम थेट वामन होऊन बसतो: शंख, चक्र, गदा, पद्म.

पंढरीचा विठोबा दोन हातांचा. तिरुपतीच्या बालाजीला चार हात असले तरी आयुधं दोनच. त्यांना ही रीत लावू नये. भंगलेल्या मूर्तीत एकच हात गेला असेल तर उरलेल्या तिघांवरून चौथं आयुध कळतं. दोन गेले असतील तर दोन नावं शक्य राहतात. तिथे नुसतं 'चतुर्भुज विष्णू' लिहावं.