बीपी मशीन माळ्यावर टाकायला लावणारा फॉरवर्ड

“फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये बनलेली प्रत्येक चिप किरणोत्सर्गी आहे, अशी यंत्रं घरात ठेवू नका. तिथले चिपचे कारखाने किरणोत्सर्गामुळेच बंद पडले, आणि आता समुद्रात सोडलेल्या पाण्यानेच चिप धुतात.” हा फॉरवर्ड वाचून माझ्या मावशीने जपानी बनावटीचं बीपी मशीन माळ्यावर टाकलं. रोज रक्तदाबाची गोळी घेणारी बाई मोजणंच बंद करते, हे वाचून पुढे ढकलणाऱ्यांना कळतंय का?

चिपमधून किरणोत्सर्ग अंगात जातो, हे साफ खोटं. किरणोत्सर्गाचा धसका माणसाआधी चिप बनवणाऱ्यांनीच घेतलाय, तोही फुकुशिमाच्या कितीतरी आधी. इंटेलच्या मेमरी चिपमध्ये काही बिघाड नसताना मधूनच एखादा बिट (साठवलेला ० किंवा १) उलटायचा. टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी १९७८ मध्ये कारण दाखवून दिलं: चिपच्या सिरॅमिक वेष्टनात युरेनियम-थोरियमचा अगदी बारीक अंश होता, आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. हे कण आपल्या कातडीचा वरचा मृत थरसुद्धा ओलांडत नाहीत. माणसाला ज्याची बाधा होणार नाही तेवढ्यानेही चिप चुकते, म्हणून वेष्टनाच्या मालातला अल्फा तेव्हापासून मोजला जातो.

फुकुशिमातून बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं आहे, फुकुशिमाच्या परिसरात ते अजून आहे, हे मान्य. पण सीझियम सोडियमच्याच कुळातलं. असल्या धातूंचे आयन चिपमधल्या ऑक्साइडच्या थरात शिरले की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, बिघडतो. वेफरवर, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवतात तिच्यावर, त्यांचा मागमूस राहू नये म्हणूनच क्लीनरूमची हवा गाळतात, आम्लं आणि पाणी तपासून घेतात. कारखान्याबाहेरची धूळ, किरणोत्सर्गी असो वा साधी, वेफरपर्यंत पोचूच द्यायची नाही यावर तर तो सगळा धंदा उभा आहे.

कारखाने बंद पडले, एवढं खरं. जपानमधल्या हिताचिनाकाचा, रेनेसास या चिप कंपनीचा कारखाना आणि शिराकावाचा शिन-एत्सुचा वेफर कारखाना मार्च २०११ मध्ये थांबले, जगभरच्या मोटार कंपन्यांना चिप मिळेनात. पण ते थांबले भूकंपाने. रेनेसासचं उत्पादन त्याच जूनमध्ये पुन्हा सुरू झालं.

उरलं फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातलं पाणी. ऑगस्ट २०२३ पासून ते प्रशांत महासागरात सोडतात. वेफर धुतात ते अतिशुद्ध केलेल्या गोड्या पाण्याने. समुद्राचं पाणी लावलं तर त्यातल्या मिठानेच चिप निकामी होईल.