सरपंचबाई? इथं?

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोन पाव्हण्यांचे, एक गणपती मंडळाचा, एक शाळेतल्या जुन्या वर्गाचा. मजकूर थोडक्यात असा: 'बायका गाव बदलतात हे परदेशी खूळ. आपल्या सीमाभागातली सरपंचबाई नुसती सही करते, कारभार नवरा बघतो. देवदासी प्रथा कायद्यानं बंद केली, बायकांनी नाही. बचत गटांनी तर घराघरात कर्ज आणलं.'

आधी सरपंचबाई. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही शोधा, सापडायची नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो. म्हणजे मजकूर सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला, वर 'आपल्या सीमाभागातली' एवढं चिकटवलंय.

नवऱ्याची गोष्ट मात्र साफ खोटी नाही. 'अध्यक्षांचे मालक' पुढच्या खुर्चीत बसलेले मीही बघितलेत. पण नोटीस कन्नडमध्ये येते. मराठी शाळेत शिकलेली बाई तिथं अडखळते, तसे तिचे मालकही अडखळतात आणि शेवटी दोघंही पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, तोंडाकडे बघतात. शिवाय पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४ सालचा अभ्यास आहे. अध्यक्षपद बायकांसाठी राखीव होतं तिथं पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली होती. सगळीकडे नवरेच कारभार करत असते, तर हा फरक आला कुठून?

आता देवदासींचं. कर्नाटकचा कायदा १९८२ चा. तो झाला म्हणून पोरी देवाला सोडणं थांबलं नाही, ते चोरून होऊ लागलं. पोरीच्या डोक्यात जट दिसली की सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचं आणि गळ्यात माळ बांधायची. हे घराच्या आत चालतं, पोलीस कुठं बघायला येणार? बघणार ती गल्लीतलीच बाई, जिच्या गळ्यात ती माळ कधीकाळी बांधली गेली होती. घटप्रभेला १९९७ मध्ये उभी राहिलेली 'मास' ही संस्था अशाच बायकांची. तिच्या सीतव्वा जोडट्टी स्वतः सातव्या वर्षी देवाला सोडलेल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्था उभी करायला मायराडा या बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेची मदत होती, हे मेसेजवाल्यांच्या आधी मीच सांगतो. पण शेजारणीच्या दारात जाऊन 'पोरीला सोडू नको, माझं काय झालं बघ' हे बाहेरचा माणूस कसा सांगणार? कायदा लागतोच. पण तो गल्लीपर्यंत यायला कुणाचे तरी पाय लागतात.

परदेशी खुळाबद्दल फार लिहीत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या. पुढारी प्रा. सुभाष जोशी, म्हणजे पुरुषच, पण रोजावर पाणी सोडून रस्त्यावर उतरल्या त्या बायका. नेल्लोरकडच्या दुबगुंट्यात साक्षरता वर्गातल्या बायकांनी सारायीविरुद्ध, म्हणजे स्वस्त देशी दारूविरुद्ध, उठाव केला, तो आंध्रभर पसरला आणि १९९३ मध्ये तिथं सारायी बंद झाली. केनियात वांगारी माथाईंनी १९७७ मध्ये झाडं लावायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या बायकांना सरपण आणि पाणी लांबून आणावं लागत होतं. आपल्याकडे डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला हे परदेशी वाटेल का?

राहिलं कर्ज, आणि इथं मेसेजमध्ये खरा गोंधळ आहे. बचत गटात पैसा बायकांचा. दर महिन्याला साठवायचा, आपसांत द्यायचा, व्याज गटातच राहतं. बँकेचं कर्ज मागाहून. १९९२ मध्ये नाबार्डनं ती जोडणी सुरू केली. मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटात पैसा कंपनीचा, व्याज कंपनीला, आणि एकीनं थकवलं की बाकीच्या जामीन. तिथला जाच इतका वाढला की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकच बाई दोन्हीकडे असते हेही खरं. बँकेला वेळ लागतो, कंपनी दारात येते. आणि वसुलीवाला उंबऱ्यापाशी उभा राहून 'तुमच्या गटाचे पैसे' असंच म्हणतो, तेव्हा समोरच्या कट्ट्यावर बसलेल्याला तो बचत गटच वाटतो.