जिप्सीच्या लिफ्टचं बिल आणि ८०ची थरथर : एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की ठरलं होतं फक्त लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करायचं, आम्ही त्यात शाफ्ट, ब्रेक होज, वेल्डिंग असं एकेक घुसवून बिल फुगवलं. मित्राच्या थारला दुसरीकडं अर्ध्या दिवसात लिफ्ट झाली, तिला यातलं काहीच लागलं नाही. आणि एवढा खर्च करून हायवेला ८०च्या पुढं गाडी थरथरते, पिकअपही गेला. हे वाचून उद्या दुसरा जिप्सीवाला ‘नुसती लिफ्ट करून द्या’ म्हणत येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थारचं. २०२० नंतरची थार पुढून इंडिपेन्डन्ट आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होतं. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चासीला बांधलेलं, चाकाबरोबर वरखाली होत नाही. दोन इंचांचा स्पेसर टाकला की चाकाकडं जाणाऱ्या हाफ शाफ्टचा कोन थोडा वाढतो आणि त्याचे सीव्ही जॉइंट (वळणारे सांधे) तेवढं खपवून घेतात. मित्राला म्हणावं चार इंच कर, मग त्यांचे रबरी बूट किती दिवस टिकतात ते बघू. तुमच्या जिप्सीला पुढं-मागं अख्खा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आणि पाटे (लीफ स्प्रिंग). तुम्ही सांगितलेलं काम म्हणजे अ‍ॅक्सलच्या खाली असलेले पाटे वर घेणं. त्यानं गाडी साधारण पाच इंच उचलली जाते. या दोन कामांचं नाव एकच असलं तरी दरात तुलना होऊ शकत नाही.

गाडी उचलली की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणारा डबा) चासीबरोबर वर जातो आणि डिफरन्शियल खालीच राहतं. मधला प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो आणि आखूडही पडतो. पाटे बसवून झाल्यावर आम्ही मागचं एक चाक लोंबकळत ठेवून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता, तो अजून चॅटमध्ये असेल. स्प्लाइनवर (शाफ्टच्या सरकत्या खाचांवर) खडूची खूण आहे ती बघा. शाफ्ट स्लीव्हमध्ये जेमतेम बोटभर उरला होता. दुसऱ्या फोटोत शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, क्रॉसशेजारी, योकचा (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचा) कान घासून चकाकतोय. तसाच शाफ्ट ठेवून गाडी दिली असती, तर ओढ्यात एखादं चाक लोंबकळताच तो निसटून खाली पडला असता. म्हणून शाफ्ट लेथवर लांब करून बॅलन्स करून घेतला. त्याच फोटोखाली तुमचा ‘करा’ असा मेसेज आहे.

वेल्डिंगचा आकडा तुम्हाला सगळ्यात जास्त खटकला. ते नुसतं पाट्यांच्या बैठका चिकटवायचं काम असतं तर मलाही खटकला असता. साध्या क्रॉसचा शाफ्ट तिरका फिरला की प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका क्रॉसची चूक दुसरा भरून काढतो आणि पिनियन (शाफ्टला जोडलेला डिफरन्शियलमधला गिअर) एकसारखा फिरतो. त्यासाठी हाउसिंग फिरवून, पिनियन ट्रान्सफर केसच्या रेषेला समांतर आणून, मगच बैठका पक्क्या करायच्या. आम्ही आधी टाके मारतो, गाडी चाकांवर उभी करतो, कोन पुन्हा मोजतो आणि मग वेल्डिंग पूर्ण करतो. एका दिवसात गाडी देणारा यातलं काय गाळतो, ते तुम्हीच ओळखा.

तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं ट्रान्सफर केसच खाली उतरवायला सुचवलं होतं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो, त्यामुळं ते करता येतं. पण मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यातल्या छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो आणि पोटाखालची जागाही कमी होते. ती जागा वाढवायलाच तर एवढा खटाटोप! ब्रेक होजबद्दल एवढंच सांगतो की चाक लोंबकळल्यावर जुना होज तारेसारखा ताणला जात होता. ती वस्तू नको म्हणणाऱ्याची गाडी आम्ही घेत नाही.

आता थरथर. पुढच्या अ‍ॅक्सलचा पिनियन मनासारखा वर फिरवता येत नाही, कारण त्याच हाउसिंगच्या टोकांना चाकं वळवणारे नकल आहेत. पिनियन वर केला की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कल) जातो आणि स्टिअरिंग रस्ताभर भटकतं. म्हणून आम्ही कॅस्टर सांभाळला आणि पुढच्या शाफ्टचा कोन जास्त राहू दिला. पुढच्या चाकांचे हब उघडे (‘फ्री’) असले आणि गाडी टू-व्हीलमध्ये असली की तो शाफ्ट फिरतच नाही, आणि चिखलातल्या वेगाला त्याचा त्रास होत नाही. चावी देताना हे सांगितलं होतं, बिलाच्या मागंही लिहिलंय. तुम्ही रिव्ह्यूला टायरचा जो फोटो लावलाय तो मोठा करून बघा, हबची खूण ‘लॉक’वर आहे. उतरून दोन्ही हब ‘फ्री’ करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून बघा.

पिकअपचं कारण टायर. आधी २०५/७० आर १५ होते, तुम्ही आणलेले २३५/७५ आर १५ आहेत. व्यास ६६८ मिलिमीटरवरून ७३३वर गेला, म्हणजे जवळपास १० टक्के वाढला. १३०० सीसीच्या इंजिनाला ते प्रत्येक गिअरमध्ये जाणवणार. मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, तिला टायर बदलल्याचं कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८८च्या आसपास असता, कॅमेऱ्यांखालून जाताना तेवढं लक्षात असू द्या. पिकअपवर उपाय म्हणून आम्ही गिअरिंग बदलायचं सुचवलं, तुम्ही नको म्हणालात, विषय संपला. त्याचा एक रुपयाही बिलात नाही.

सही कशाला घेतली असंही विचारलंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीशी आधी बोलून घ्या, हे आम्ही प्रत्येकाला लेखी देतो आणि ते वाचल्याची सही घेतो. एखादा गिऱ्हाईक त्यावरून परत गेला तरी चालतं.

हब ‘फ्री’ करूनही थरथर राहिली तर ८०ला गाडी न्यूट्रल करून बघा. तरीही येत असेल तर इंजिनाचा संबंध नाही, मागचा शाफ्ट किंवा चाकं बघावी लागतील. मग उद्यमनगरला आमच्या गॅरेजवर गाडी घेऊन या. शाफ्ट उतरवून तुमच्यासमोर बॅलन्स तपासू, आमच्या कामात खोट निघाली तर खर्च आमचा. फक्त येताना खालून धुवून आणू नका. कुठं काय घासतंय ते चिखलावरच्या खुणांवरून लगेच कळतं.